नारळ धरलेला हात

रिसोडला मी ज्या घरात दोन वर्षं भाड्यानं राहिले, त्या घराच्या ओसरीत एक काळा फळा टांगलेला होता. खोली बघायला गेले तेव्हा मला वाटलं, घरमालक शिकवण्या घेत असावेत. मीही शाळेतलीच, केनवडच्या शाळेत नुकतीच रुजू झालेली, त्यामुळं जरा बरं वाटलं. जवळ जाऊन वाचलं तर खडूनं ठळक लिहिलं होतं: ६.१० शुभ प्रभात. ९.०० सुविचार. १२.३० आरोग्य. ५.०० स्वतः. ९.३० शुभ रात्री.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"वेळापत्रक," घरमालक म्हणाले. "मोबाईलचं."

"आणि ५.०० स्वतः म्हणजे?"

"सोताचा फोटो. रोज एक. रविवारी दोन. जादा फेरी."

मी तिथूनच परत फिरायला हवं होतं, पण खोलीला दोन खिडक्या होत्या आणि आतून काकूंनी विचारलं होतं, "बाई, च्या घेता ना?" मी राहिले.

घरमालक एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. सगळे त्यांना कंट्रोलर म्हणत, मी कंट्रोलरकाका म्हणू लागले. उभी नोकरी त्यांनी स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीमागं बसून माईकवर गाड्या पुकारण्यात काढली होती. निवृत्तीबरोबर गाड्या गेल्या, माईक गेला, पुकारण्याची सवय तेवढी घरी आली. त्यांच्याकडं दोन भाषा होत्या. एक घरातली, अस्सल वऱ्हाडी. दुसरी माईकवरची, कडक इस्त्रीची. सकाळी नेटवर्क नसलं की ते अंगणात उभे राहून दुसऱ्या भाषेत जाहीर करत, "तांत्रिक कारणामुळे सहा वाजून दहा मिनिटांचे शुभ प्रभात वीस मिनिटे उशिराने धावत आहे. कृपया नोंद घ्यावी." नोंद घ्यायला अंगणात मी, काकू आणि शेजारच्यांची बकरी असायचो.

त्यांच्या या फोटोप्रेमामागं एक जखम होती, ती मला काकूंनी सांगितली. निवृत्त झाल्यावर पंधरा दिवसांनी काका चांगली सफारी घालून स्टँडवर गेले. कोणीतरी विचारील, कसं चाललंय साहेब, म्हणून तासभर उभे राहिले. अखेर एक बाई आली आणि म्हणाली, "ओ मामा, मेहकरची गाडी गेली काय?" काकांनी घसा साफ केला. तेवढ्यात तीच पुढं म्हणाली, "राहू द्या, तुमाले नसन माहीत. कंट्रोलरले विचारतो." काका घरी आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या पडद्याचा मोबाईल घेऊन आले.

"इतके वरीस तालुक्यानं माह्या आवाज ऐकला," ते मला म्हणाले होते, "थोबाड कोणी पाह्यलं नाई. आता पाहू दे."

तालुक्यानं पाहिलं. पाहायला दुसरा मार्गच नव्हता. काका कधी कोणाच्या नव्या ट्रॅक्टरला टेकून उभे, कधी बाजार समितीत कोणाच्या तरी सोयाबीनच्या ढिगापुढं हात कमरेवर ठेवून, कधी पाहुण्यांच्या गाडीच्या बॉनेटवर कोपर टेकवून. ढीग, ट्रॅक्टर, गाडी, काहीच त्यांचं नव्हतं. गॉगल मात्र स्वतःचा होता आणि तो तिन्हीसांजेलाही उतरत नसे. फोटोग्राफर मी. शाळेतून येऊन पिशवी खाली ठेवते न ठेवते, तोच पाचचा ठोका.

"हनुवटी वर घ्या, काका."

"वर घेतली त पाऊस येते का पाहून राह्यलो असं वाटते."

"मग खाली घ्या."

"खाली घेतली त रिटायर वाटते."

"तुम्ही रिटायरच आहात ना?"

"थे फोटोत कायले दिसाले पाह्यजे?"

त्यांच्या निवृत्त सहकाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्यात फोटो टाकायला काकांना माझी मदत लागे, त्यामुळं त्या ग्रुपाची आणि माझी चांगली ओळख झाली. सगळ्यांचे चेहरे दारावरच्या पाटीसारखे पुढं लावलेले. एकाच्या फोटोत केस इतके काळे होते की तो फोटो जुना की केस नवे, हे ठरेना. एक जण पुढाऱ्याच्या शेजारी उभे होते, म्हणजे पुढाऱ्याच्या शेजारी तिघं होते आणि त्यांच्या शेजारी हे. एक जण बुलेटवर बसलेले. बुलेट स्टँडवर लावलेली होती आणि त्यांचे दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. नावापुढं प्रत्येकाचा हुद्दा, त्याच्यापुढं से. नि. एकमेकांना ते 'जबरदस्त साहेब' आणि 'वाघ' असं लिहीत. लग्नातल्या आहेरासारखं होतं ते, आलेलं परत करायचं. पंचवीस-तीस वाघांचा तो ग्रुप, रोज सकाळी सगळे एकमेकांना गुलाबाची फुलं पाठवायचे.

या निरीक्षणातून काकांनी एक सिद्धांत काढला होता, आणि सिद्धांतासाठी रजिस्टर घातलं होतं. जाड पुठ्ठ्याचं, लाल रेघांचं. एका पानावर 'पुरुष', समोरच्या पानावर 'महिला'. ग्रुपमधली, नात्यातली, आळीतली झाडून सगळी माणसं त्यात होती आणि कोणी डीपीला काय लावलंय याची नोंद. पुरुषांच्या पानावर एकच शब्द वरपासून खालपर्यंत उतरत गेलेला: स्वतः, स्वतः, स्वतः. महिलांच्या पानावर मात्र रकाने पाडावे लागले होते. फूल. देव. नातू. रांगोळी. नवरा. आणि अगदी शेवटचा रकाना, स्वतः. तो रिकामा.

"एकीनं टाकला व्हता," काका खेदानं म्हणाले. "माही साळी. पण 'कशी दिसते सांगा' म्हणून टाकला अन् धा मिनिटांत काढला. मी पेन शोधून आणला तवरक तिथं गणपती बसला व्हता."

"यावरून काय सिद्ध होतं?"

"माणूस समोर येते, बाई लपते. सरळ हाय."

"काकूंचा फोटो तुम्ही कधी टाकलाय?"

काकांनी गॉगल कपाळावर सरकवला. "बाईमाणसाचा फोटो कायले पाह्यजे तिथं? दुनिया बेकार हाय, मॅडम."

"दुनिया तुमचाही फोटो बघतेच की."

"माह्या फोटो पाहून दुनियेचं काय बिघडते?"

खरंच काही बिघडत नव्हतं.

काकूंच्या डीपीला झेंडूचं फूल होतं, अंगणातलंच. रजिस्टरात त्यांची नोंद तेवढ्याच शब्दात होती: झेंडू. काकूंचा मोबाईल तांदळाच्या डब्यावर असायचा आणि त्या त्यावर फारसं बोलत नसत. पण वाचत सगळं. कोणाच्या सुनेनं रुसून दुःखाचं गाणं ठेवलंय, कोणाच्या डीपीतून जावई अचानक नाहीसा झालाय, हे काकूंना सगळ्यात आधी कळायचं. वाघ गुलाबं पाठवण्यात गुंतलेले असताना आळीतल्या बायकांनी फुलाआड बसून अख्ख्या तालुक्याची खबर ठेवली होती.

कधीमधी काकूही काहीतरी ठेवत. कुरडया, मेथीची जुडी, चुलीवरचं वांग्याचं भरीत. प्रत्येक फोटोत त्यांचा उजवा हात असायचा. कुरडई उचलताना, मेथी निवडताना, वांगं फिरवताना. चेहरा कधीच नाही. त्या हाताच्या मनगटावर गोंदलेला विंचू होता आणि त्याची नांगी भलतीच लांब, वाकडी होऊन थेट अंगठ्याच्या मुळापर्यंत गेलेली.

एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता मी विचारलं, "काकू, हा विंचू असा का?"

काकू हसायला लागल्या. इतक्या की शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवावं लागलं.

त्यांचं माहेर मानोरा तालुक्यात, पोहरादेवीजवळच्या एका खेड्यात. सातवीत असताना त्या आणि त्यांची मैत्रीण घरी न सांगता पोहरादेवीच्या जत्रेत गेल्या. मैत्रिणीनं आधी गोंदवून घेतलं, तिचा विंचू छान झाला. मग काकू बसल्या. विंचू होत आला, नांगी राहिली होती, तेवढ्यात मैत्रिणीला गर्दीत काकूंचे वडील दिसले. तिनं काकूंचा हात धरून ओढला आणि सुई सरकली.

"मंग दोघी पळालो. पण बाप पुढंच उभा. दोघीलेही सारखाच मार भेटला." काकूंनी हात उलटा करून विंचवाकडं पाहिलं. "लय बेकार पोरगी व्हती थे. हुशार बी तेवढीच."

"आता कुठं असतात त्या?"

"काय माहीत. सातवी झाली अन् बापानं मले शाळेतून काढलं. दोन वर्सांनी लगन. तिचंही झालं असन कुठी. तिच्या सासरचं नाव मले माहीत नाई अन् माह्यं तिले माहीत नाई. कशी सापडन?"

लग्नात काकूंचं नाव बदललं होतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं बोटानं नवं नाव लिहायचं, तशी रीतच होती. आळीत, रेशनकार्डावर, मोबाईलमध्ये सगळीकडं ते तांदळातलं नाव होतं. मी माहेरचं विचारलं तर काकूंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"राहू द्या, बाई. त्या नावाची पोरगी आता कुठी हाय?"

म्हणून दिवाळीच्या आधी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपात एक लिंक आली तेव्हा मी धावतच स्वयंपाकघरात गेले. काकूंच्या माहेरच्या शाळेतली, त्यांच्याच वर्षाची सातवीची तुकडी एकत्र येत होती. दिवाळीनंतरच्या रविवारी शाळेतच मेळावा, नारळ फोडून सुरुवात, मग पंगत. "मैत्रीण असेल बघा त्यात," मी म्हटलं. काकूंनी पीठ लागलेला हात पदराला पुसला आणि स्वतःच्या बोटानं लिंक दाबली.

त्या दिवशी काकूंनी दिवसभर मोबाईल खाली ठेवला नाही. सगळे मुलगे सापडले होते. त्यांना सापडायला काय लागतं? तेच नाव, तेच आडनाव, बहुतेकांचं तेच गाव. चेहरे थोडे पसरले होते इतकंच. जो पोरगा रोज अंगठे धरून उभा असायचा तो मेळाव्याचा अध्यक्ष झाला होता. मुलींच्या यादीत मात्र पहिली नावं तेवढी होती आणि प्रत्येकीसमोर 'शोध सुरू आहे'. काकूंनी ती यादी बोट ठेवून वाचली. एका ओळीवर बोट थांबलं, मग पुढं गेलं.

संध्याकाळी अध्यक्षांनी विचारलं, 'हे झेंडूचं फूल कोण आहे? नाव सांगा.'

काकू लिहायला बसल्या. एका बोटानं. एक नाव लिहिलं, खोडलं. जे नाव लिहायची सवय होती ते तिथं कोणाला माहीत नव्हतं. जे त्यांना माहीत होतं ते काकूंनी लग्नानंतर एकदाही लिहिलं नव्हतं. तव्यावर भाकरी करपली, मी ती उतरवली. काकू पुन्हा लिहू लागल्या. आणि पडद्यावर आलं, 'अनोळखी नंबर काढून टाकला आहे. सभासदांनी सावध राहावे.' त्याखाली तीन अंगठे.

"पुन्हा जाऊ या आत," मी म्हटलं. "मी लिहिते अध्यक्षांना."

"नाई." काकूंनी मोबाईल डब्यावर पालथा ठेवला. "एकदा बापानं शाळेतून काढलं. आता यायनं काढलं. तिसऱ्यांदा नाई जात मी. अन् तुमी बी काई लिवाचं नाई. माही शपथ."

"मग मैत्रीण?"

"तिले ओळखाचं असन त ओळखन."

काकांना हे कळलं तेव्हा ते विजयी मुद्रेनं म्हणाले, "पाह्यलं? चेहरा नाई त काईच नाई. म्हणून मी सांगतो..." आणि आत जाऊन रजिस्टरात झेंडूपुढं लिहून आले: काढण्यात आले. मला काकांचा राग आला, आणि तो बरेच दिवस गेला नाही.

तो राग तसाच असताना मी त्यांच्यासाठी आणखी एक काम केलं, त्याची मला आजही लाज वाटते. काकांच्या निवृत्तीला आणखी एक वर्ष झालं म्हणून निरोप समारंभाचा फोटो फेसबुकवर टाकायचा होता, साऱ्या जगाला दिसेल असा. मूळ फोटोत दोघं होते. काका हारात बुडालेले आणि शेजारी काकू, कारण समारंभात काकांना जे मिळेल ते काका 'हे धर' म्हणून त्यांच्याकडं देत होते. फोटोच्या क्षणी काकूंच्या हातात नारळ होता.

"फक्त मी पाह्यजे," काका म्हणाले.

"काकू राहू देत ना."

"तिच्याचसाठी सांगून राह्यलो. दुनिया बेकार हाय."

मी काकूंना कापलं. बोट माझंच होतं. नारळही अर्धा गेला तसे काका ओरडले, "अवं, नारळ ठेवा! नारळ दिसला नाई त सत्कार झाला हे कसं कळन?" मी चौकट जरा मागं सरकवली. आता काकांच्या उजव्या बाजूला हवेत एक नारळ होता आणि तो धरायला मनगटापर्यंतचा एक हात.

"हात राहिलाय कोपऱ्यात."

"राहू द्या. हाताकडं कोण पाह्यते?"

फोटोवर वाघ तुटून पडले, काहींनी तो पुढंही पाठवला. जबरदस्त साहेब. तोच रुबाब. वाघ. काका ओसरीत बसून मोठ्यानं वाचत होते. चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा आवाज एकदम बदलला.

"मॅडम, हे पाहा. कोणतरी टिंगल करून राह्यलं."

एका अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, 'नारळ कोणाच्या हातात आहे?' त्यांच्या डीपीला टोपी घातलेला नातू होता. काकांनी लगेच माईकवरच्या भाषेत उत्तर दिलं, 'सदर नारळ सत्कारमूर्तींचा आहे.' पलीकडून आलं, 'नारळाचं विचारलं नाही. हाताचं विचारलं. सत्कारमूर्तींशी मला काम नाही.'

काकांचा चेहरा असा झाला की जणू मेहकरची गाडी कोणीतरी दुसऱ्याला विचारली. "बंद करा तिले. अन् फोटोतून हात बी काढा. नारळ गेला त गेला."

मी हात कापण्यासाठी फोटो मोठा केला. मनगट पडदाभर झालं. विंचू दिसला, आणि अंगठ्यापर्यंत गेलेली वाकडी नांगी. माझं बोट तिथंच थांबलं. खाली नवा प्रश्न येऊन पडला होता: 'त्या बाईंचं माहेरचं नाव काय?'

मी मोबाईल काकांच्या पुढं धरला. "सांगा, काका. काकूंचं माहेरचं नाव काय?"

"हिचं?" काकांनी सहज तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

या माणसाला तालुक्यातल्या प्रत्येक गावाला जाणारी पहिली आणि शेवटची गाडी पाठ होती. लग्नाची वरात कोणत्या गाडीनं गेली, ती मंगरूळपीरला किती मिनिटं थांबली, हे त्यांनी मला तिथल्या तिथं सांगितलं. सासऱ्याचं नाव सांगितलं, सासऱ्याच्या बैलांची नावं सांगितली. बायकोचं आठवेना.

"तांदळात नवं मीच लिवलं व्हतं," ते हळूच म्हणाले. "जुनं... कोणं त सांगतलं असनच की." गॉगल त्यांच्या हातात होता आणि ते तो उगाच उघडत-मिटत होते. त्यांना शरम वाटत होती. मी त्यांना तशी कधी वाटलेली पाहिली नव्हती आणि मला तेव्हा त्यांची दयाही आली नाही.

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. मी मागं.

"आयकलं काय? तुयं माहेरचं नाव काय व्हतं?"

काकू कणीक मळत होत्या. त्यांनी मान वळवली नाही. "आज काहून पाह्यजे?"

"एक बाई विचारून राह्यली. माह्या फोटोतला हात पाहून."

काकूंचे हात परातीत थांबले. मग त्या म्हणाल्या, "तिले म्हणा, नांगी वाकडी कोणामुळं झाली थे सांग पह्यले."

मी लिहिलं. आम्ही तिघं मोबाईलकडं बघत राहिलो. उत्तर यायला मिनिटसुद्धा लागलं नाही: 'माझ्यामुळं. तिचा बाप दिसला म्हणून मी हात ओढला.'

"थेच हाय," काकू म्हणाल्या. मी आमचा नंबर पाठवला आणि लगेच फोन वाजला. काकूंचे हात कणकेत होते, म्हणून मी तो मोठ्या आवाजावर ठेवला.

"जय भीम, भाऊसाहेब," पलीकडून खणखणीत आवाज आला. "मी पुसदहून बोलतो, रिटायर नर्स. तिले द्या."

काका मुकाट्यानं बाजूला झाले. काकू कणकेचे हात तसेच घेऊन फोनजवळ सरकल्या.

"कांते?" पलीकडचा आवाज एकदम लहान झाला. "कांते, जिती हाय ना तू?"

"मेली असती त नारळ कोणं धरला असता?" काकू म्हणाल्या, आणि मग रडल्या. पलीकडूनही रडण्याचा आवाज येत होता. मग दोघी एकाच वेळी बोलू लागल्या आणि मी परात उचलून उरलेली कणीक मळायला घेतली. मैत्रीणबाईही त्या मेळाव्याच्या ग्रुपात होत्या, पण झेंडूला काढल्यावर दोन दिवसांनी आलेल्या. काढल्याचं त्यांना आत्ताच काकूंकडून कळलं. अध्यक्षांना त्यांनी त्यानंतर काय सुनावलं ते मला माहीत नाही, पण अर्ध्या तासात काकूंना आत घेतलं गेलं आणि 'आदरपूर्वक स्वागत' असा नारळाचा फोटोही आला.

काका दाराशी उभे होते. ओठ हलत होते. ते नाव म्हणून बघत होते, आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी ते अर्थात सावरले. "माह्या फोटोमुळं सापडली," आळीत सांगत सुटले. काकू आतून म्हणाल्या, "तुमच्या फोटोत मी व्हती म्हणून सापडली." काकांनी रजिस्टर काढलं, महिलांच्या पानावर शेवटच्या रकान्यावर पेन टेकवला आणि मला गंभीरपणे विचारलं, "हात म्हंजे सोता धराचं काय?" मी म्हटलं, धरा. त्यांनी लिहिलं: कांता. झेंडूची नोंद खोडली.

मेळाव्याच्या रविवारी आम्ही दोघं काकूंना स्टँडवर पोचवायला गेलो. काकांना बरोबर जायचं होतं, सफारीही घातली होती, पण काकूंनी सांगितलं, "नवऱ्याईले बोलावलं नाई." गाडी लागलेली होती. काकूंनी पिशवी आणि शाळेत फोडायचा नारळ काकांकडं दिला. "हे धरा, मी जागा पाह्यतो." काकांनी पिशवी खिडकीतून आत सरकवली. आजूबाजूला शंभर माणसं होती. रोज ज्यांना त्यांचे फोटो जात त्यांतलीही काही असतील. गॉगल, सफारी, सगळं जागेवर होतं आणि एकानंही त्यांच्याकडं पाहिलं नाही.

गाडी सुरू झाली तसे काका दोन पावलं मागं सरले, छाती भरून घेतली, आणि माईकवाचून पुकारलं.

"कृपया इकडे लक्ष द्या. रिसोडहून वाशीम, मंगरूळपीरमार्गे मानोऱ्याकडे जाणारी गाडी सुटत आहे. या गाडीने इयत्ता सातवीतील कांता आपल्या मैत्रिणीला भेटायला जात आहेत. मैत्रिणीने त्यांना उतरवून घ्यावे. कांता यांनी पुढील प्रवास सुखाने करावा."

अख्खा स्टँड थांबला. शेंगदाणे विकणारी म्हातारी टोपली टाकून उभी राहिली. "अवं बाप्पा! हा त आपल्या कंट्रोलरचा आवाज!" ती म्हणाली, आणि जाळीच्या खिडकीकडं बघू लागली. काका तिच्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी गॉगल काढून खिशात ठेवला.

खिडकीत काकूंनी लाजून पदर तोंडावर घेतला होता. गाडी वळली, वाऱ्यानं पदर सरकला, त्यांनी तो धरला नाही; विंचवाचा हात बाहेर काढून हलवला. मी फोटो काढला, त्यात कडेला काकाही आले, आणि काकूंना पाठवून दिला. नारळ काकांकडंच राहिला होता हे मला त्या फोटोतच दिसलं.

गाडी वाशीमला पोचायच्या आत काकूंचा डीपी बदलला. खिडकीत हसणाऱ्या काकू, पूर्ण चेहरा, आणि कोपऱ्यात नारळ धरलेला एक हात, मनगटापर्यंत. काकांनी तो बराच वेळ मोठा करून पाहिला, मग काकूंना फोन लावला.

"माह्या चेहरा कुठी गेला त्याच्यातला?"

मागं नुसता गाडीचा खडखडाट होता. त्यातून काकूंचा आवाज आला.

"नारळ दिसून राह्यला ना? मंग झालं."